‘संस्था क’ची शिफारस

बाईंची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्यांनी मला अर्धा तास मुका ठरवलं होतं. मी आपला मामांना घेऊन त्यांच्या केंद्रात गेलो होतो. मामा निवृत्त वकील, पक्षाघातानं वाचा गेलेली, आणि अशा लोकांना पुन्हा बोलायला शिकवणं हेच केंद्राचं काम. मामा अजून जिन्यावरच होते. तेवढ्यात बाई आल्या. आल्या म्हणजे गल्लीत वरात शिरावी तशा आल्या, आणि मला दंडाला धरून त्यांनी आरशापुढच्या खुर्चीत बसवलं.

“अहो, मी...” मी तोंड उघडलं.

“छान. ‘अ’ जमतोय. घाई करायची नाही.”

मग त्यांनी माझ्याकडून ‘पाणी’, ‘पंखा’, ‘पायरी’ म्हणवून घेतलं. ‘पायरी’ला त्यांचे डोळे इतके भरून आले, की खरं सांगायचा मला धीरच होईना. शेवटी दारातून मामांचं हसू ऐकू आलं. आजारानंतरचं पहिलंच.

छापखान्यावरच्या दोन खोल्या आणि बोलायला शिकणारी अकरा माणसं, एवढंच ते केंद्र. खाली यंत्र सुरू झालं की वर टेबलं थरथरत. बाई बावीस वर्षं ते चालवत होत्या, एकाच नियमावर: कुणी शब्द सुरू केला, तर तो दुसऱ्यानं पूर्ण करायचा नाही. एका शिंप्याला ‘सुई’ म्हणायला चार मिनिटं लागत. चार मिनिटं सगळी खोली गप्प. माझ्यासारख्या वाचाळाला ही जन्मठेपच होती.

मग केंद्राला मदत देणाऱ्या प्रतिष्ठानाचं पत्र आलं. यापुढे संस्थेच्या प्रमुखाकडे सामाजिक संस्था व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी हवी, नाहीतर मदत बंद. फी प्रतिष्ठान भरेल. मदत बंद म्हणजे केंद्र बंद. तेव्हा चौपन्नाव्या वर्षी बाई दप्तर घेऊन विद्यापीठात निघाल्या.

वर्गातली पोरं त्यांना काकू म्हणत.

“काकू, तुमचा तक्ता झाला का? उद्दिष्ट, कृती, परिणाम?”

“झाला रे. पण माझी माणसं त्यात बसेनात. चौकोन लहान पडतात.”

“माणसं नाही भरायची काकू, आकडे भरायचे.”

बाईंचं बोलणं धबधबा, पण लिहिणं म्हणजे गळका नळ. म्हणून प्रबंधाची भाषा सुधारायला मला बसवलं. विषय होता, ओळखीच्या एका संस्थेचं परखड मूल्यमापन. नाव द्यायचं नाही, ‘संस्था क’ म्हणायचं. बाईंना ओळखीची संस्था एकच.

पहिला मसुदा प्राध्यापकांनी परत केला. वयानं ते बाईंच्या लेकापेक्षा लहान. शेरा मारला होता: ‘लेखिकेचा संस्थेवर जीव दिसतो. निष्कर्षात जीव नको.’

“म्हणजे काय करू हो?” बाईंनी मला विचारलं.

“सोपं आहे. ही संस्था दुसऱ्या कुणाची तरी आहे असं समजा, आणि झोडा.”

हा सल्ला मी दिला. मला तो तेव्हा फार हुशारीचा वाटला होता.

बाईंनी झोडलं. सगळा डोलारा एकाच व्यक्तीवर उभा. वारसदार नाही. प्रगती फार धीमी. समोरच्या इस्पितळात नवा वाचा-विभाग झालेला, यंत्रसामग्रीसकट. शेवटी शिफारस लिहिणं सक्तीचं होतं. बाईंनी लिहिलं, ‘विलीन करण्याचा विचार व्हावा.’ मला ते मिळमिळीत वाटलं. मी केलं, ‘संस्था क तातडीनं बंद करून लाभार्थी इस्पितळाकडे सोपवणं हाच एकमेव जबाबदार मार्ग होय.’

“जरा जास्त होतंय का?” बाई म्हणाल्या.

“परीक्षेपुरतंच आहे हो.”

प्रबंध वर्गात पहिला आला. प्राध्यापकांनी कौतुकानं एक प्रत प्रतिष्ठानाला पाठवली. फी त्यांनीच भरली होती ना.

पंधरा दिवसांनी प्रतिष्ठानाचे अधिकारी केंद्रात आले. माणूस सभ्य, हातात प्रबंध. ‘संस्था क’ कोणती, हे विचारायची गरजच नव्हती.

“मॅडम, स्वतःबद्दल इतकं प्रामाणिक कुणी लिहीत नाही. आम्ही शिफारस मान्य केली आहे.”

“अहो, ते अभ्यासासाठी होतं.”

“मग त्यातलं चूक काय आहे?”

चूक काहीच नव्हतं. मी पुढे झालो, “एक्केचाळिसाव्या पानावरचं ते वाक्य माझं आहे.”

“उत्तम वाक्य आहे,” ते म्हणाले.

बाई म्हणाल्या, “निदान या लोकांना तरी विचारा.”

त्यांनी विचारलं. अकराजणांसमोर उभं राहून, अगदी आदरानं: “इस्पितळात जायला कुणाची हरकत आहे का?” पूर्ण दोन मिनिटं थांबले. कुठल्याही सभेत दोन मिनिटं म्हणजे पुष्कळ. शिंप्याचे ओठ हलत होते. मामांनी टेबलाची कड धरली होती, मानेच्या शिरा ताठ. मी बाईंकडे पाहिलं. वाटलं, त्यांनी एकदा म्हणावं, ‘बोल तू यांच्यासाठी.’ बाईंनी मान हलवली, नाही. बावीस वर्षांचा नियम.

अधिकाऱ्यांनी वहीत ‘हरकत नाही’ लिहिलं, नमस्कार केला आणि गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा मामांचा शब्द बाहेर पडला. “आहे,” मामा म्हणाले. अगदी स्पष्ट. कोर्टातल्यासारखा.

बाई खिडकीकडे धावल्या नाहीत. मामांच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “छान आला. पुन्हा म्हणा.”

केंद्र मार्चअखेर बंद झालं. बाईंना पहिल्या वर्गात पदवी मिळाली. इस्पितळाच्या विभागात अकरापैकी चौघं जातात. बाकीचे घरीच असतात.