हमालाच्या नातवाची योग्य जागा

आमच्या कारखान्यात 'योग्य माणूस, योग्य जागा' असा बोर्ड लागला, तेव्हा मला पहिल्यांदा खटकले ते त्यावरचे हसरे चेहरे. कोट घातलेली, दात दाखवणारी माणसं. आमच्याकडं भट्टीजवळून आलेलं कुणी असं हसत नाही. बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतला हा कारखाना पंपांचे भाग ओततो, आणि मी तिथं हजेऱ्या, रजा, नेमणुका बघते. त्यामुळं पुढचा सगळा तमाशा मला अगदी जवळून बघायला मिळाला.

झालं असं, की नव्या पोरांना काम शिकवणारे प्रशिक्षण अधिकारी निवृत्त झाले. ती जागा कुणाला मिळणार याबद्दल कुणाला शंका नव्हती. आमचा एक निपाणीचा सहकारी त्यांच्या हाताखाली ते काम बिनबोभाट करतच होता. डिप्लोमा झालेला, कन्नड आणि मराठी दोन्ही सफाईनं बोलणारा. घाबरलेल्या पोराला साच्यासमोर उभं करून त्याच्याच भाषेत चार शब्द बोलायचं आणि त्याला मार्गी लावायचं, याचं त्याला वेडच होतं. त्याचे वडील निपाणीत शाळामास्तर होते.

"आक्का, ही जागा मिळू द्या," तो मला म्हणायचा, "मग आमच्या घरात दोन मास्तर."

पण नेमणुका आता शास्त्रशुद्ध व्हायला हव्यात, असं वरच्यांच्या मनानं घेतलं. त्यासाठी बेंगळुरूहून एक बाई आल्या. प्रत्येकानं कॉम्प्युटरपुढं बसून प्रश्नांची उत्तरं द्यायची, मग कोण कशाला लायक हे तो कॉम्प्युटर सांगणार. प्रश्न इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये. चारचौघांत पुढं होऊन बोलायला तुम्हाला आवडतं का? तुम्ही इतरांपेक्षा लवकर निर्णय घेता का? आता असल्या प्रश्नाला आमच्याकडचा कुठला शहाणा माणूस 'नेहमी' असं उत्तर देईल? स्वतःची टिमकी स्वतः वाजवायची म्हणजे निलाजरेपणाच. बहुतेक सगळ्यांनी मान खाली घालून 'कधी कधी' वर बोट ठेवलं. मीही तेच केलं.

शेवटी घरचा व्यवसाय विचारला होता. आमच्या भागात घरचं काम काय असं कुणी विचारलं, की आपली किंवा बापाची नोकरी कुणी सांगत नाही, पूर्वापार चालत आलेलं काम सांगतात. मी वडगावची. आमचे माग कधीच विकले गेले, भाऊ बँकेत आहे, तरी मी विणकाम असंच लिहिलं. आमच्या निपाणीच्या सहकाऱ्यानं लिहिलं, तंबाखूच्या वखारीत हमाली. ते त्याच्या आज्याचं काम. लपवायचं सोडाच, तो ते छाती काढून सांगायचा, जयंतीच्या स्टेजवर आणि आमच्या चहाच्या टेबलावरही. आज्यानं पाठीवर पोती घेतली म्हणून बापाच्या हातात खडू आला, असं म्हणताना त्याचा चेहरा उजळायचा.

निकाल रंगीत वर्तुळं काढून आले. मी एका जागी बसून तेच ते काम संथपणे करण्यास अनुकूल निघाले. मला हसू आलं. मग त्याचा निकाल वाचला आणि ते हसू गिळावं लागलं. अंगमेहनत आणि माल हाताळणीकडं कल. मार्गदर्शनाची क्षमता मर्यादित. शिफारस, यार्ड. म्हणजे तयार माल लॉऱ्यांत चढवतात ती जागा.

मी तडक त्या बाईंकडं गेले. म्हटलं, याचे वडील शिक्षक आहेत. त्या गोड हसल्या. "लेकिन उन्होंने खुद लिखा है ना," म्हणाल्या, आणि घरच्या वातावरणातून माणसाचा कल कसा घडतो ते मला समजावू लागल्या. हातावर कसलं तरी वासाचं क्रीम चोळत समजावत होत्या. पूर्वी गावात कुणाच्या पोरानं काय करायचं ते तोंडावर सांगायचे. सांगणाऱ्याशी निदान भांडता तरी यायचं. इथं तेच सांगून वर चहा पाजत होते.

त्याला मी म्हटलं, "परत परीक्षा मागा. या खेपेला शिक्षक लिहा."

"मग मला मास्तर करतील व्हय?"

"करतील."

त्यानं हातातला कप खाली ठेवला. "मग न्हाय लिवत," म्हणाला. "आज्याला लपवून मला काय बी नको, आक्का."

मॅनेजर टिळकवाडीचे, आपल्यातलेच मराठी, म्हणून मी त्यांच्याकडंही गेले. निकाल आला की त्यात हात घालता येत नाही, असं म्हणून त्यांनी हात झटकले. प्रशिक्षणाची जागा विक्री विभागातल्या एकाला मिळाली. सगळ्या प्रश्नांना 'नेहमी' म्हणाला होता म्हणे.

हा गेला यार्डात. तिथं रोजची बोंबाबोंब असायची, कुठली लॉरी कधी निघेल याचा पत्ता नसायचा. यानं ते सगळं वळणावर आणलं. आणायचाच. त्याला स्वयंपाकघरात नेमलं असतं तर तिथंही त्यानं काम चोखच केलं असतं. पण त्याला त्याची योग्य जागा सापडली, असा अर्थ लोकांनी काढला. कॅन्टीनमध्ये कुणी तसं बोललं की मी डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जायचे.

वार्षिक कार्यक्रमाला त्या बाई पुन्हा आल्या. भाषण करता करता त्यांनी पडद्यावर यार्डातला त्याचा फोटो दाखवला. चाचणी किती अचूक असते बघा, म्हणाल्या. चुकीच्या जागी अडकलेला माणूस योग्य जागी जाताच कसा फुलतो, त्याचं हे उदाहरण. टाळ्या पडल्या. त्याला वर बोलावून हातात गुच्छ दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

माईकसमोर तो ताठ उभा राहिला. शांतपणे, अगदी स्वच्छ मराठीत बोलला. "यार्डाचं काम चांगलं चाललंय. पण मला शिकवायचं होतं. मला अजूनही शिकवायचंच आहे."

सभागृहात मराठी कळणारे निम्म्याहून जास्त होते. बाईंनी हसतमुखानं मॅनेजरांकडं वळून विचारलं, काय म्हणाले?

मॅनेजर म्हणाले, "ही इज थँकिंग यू, मॅडम."

बाईंनी छातीवर हात ठेवून मान लववली, आणि सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.