गंगूबाईनं ठेवून घेतलेलं दावं

आठव्या दिवशी भर दुपारी म्हशीनं मान टाकली. मी सुनेला म्हणाले, "सुनीता, खड्डा कुटं काढायचा ते बघून ठेव."

"आत्या, अजून डोळा हलतोय की."

"कूस बदलली न्हाय तर सांजच्याला तोबी हलायचा न्हाय. जा, रानातनं माणसं आण."

आमचं गाव वळसंग. घरात दुधाचं हे एकच जनावर, पंढरपुरी म्हैस, नाव चंद्री. व्याल्यावर तिसऱ्या दिवशी बसली ती आठ दिवस उठेचना. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं आणि बजावलं, दिवसातून चार वेळा कूस बदला, नाहीतर खालचे पाय मरतील. एवढं धूड फिरवायला चार गडी लागतात. सकाळ-संध्याकाळ शेजारी येत. दुपारी मात्र सगळे ज्वारी काढायला रानात.

मी चौथी शिकलेली बाई. भूतखेत, करणी, उतारा मानत नाही. लिंबू सरबताला आणि मिरची ठेच्याला, एवढंच मला कळतं. म्हणूनच हे लिहायला जड जातंय…

सून गेली. चंद्रीच्या पायांना चोळायला तेल गरम करावं म्हणून मी चुलीशी बसले. तेल तापायला कितीसा वेळ लागतो? वाटी घेऊन गोठ्यात आले, तर चंद्री दुसऱ्या कुशीवर. मान वर. पाठीमागं कडब्याच्या पेंढ्या नीट दाबून लावलेल्या — लवंडू नये म्हणून. आणि गळ्यात माझी नायलॉनची दोरी नव्हती. दावं होतं. बकरीच्या काळ्या केसांचं, हिरव्या लुगड्याचा काठ घालून वळलेलं.

ते दावं मी ओळखलं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावच्या गंगूबाईकडून म्हैस घेतली, तेव्हा तिनं माझ्यादेखत ते काढून ठेवलं होतं. जनावर विकलं तरी दावं देत नाहीत आमच्याकडं, गोठ्याची बरकत जाते म्हणतात. मी हसले होते. "बरकत तू ठेव, म्हैस मला दे," म्हणाले होते.

गंगूबाई दिवाळीपासून बार्शीला लेकीकडं होती. घराला, गोठ्याला कुलूप. मी फोन लावला. लेकीनं उचलला. म्हणाली, "मावशी, आई आठ दिस हातरुणावरच हाय. पानीबी जाईना. आन आत्ता उठून बसली, च्या मागायली." मग तिनं फोन आईला दिला.

"गंगू, दावं कुटं हाय तुजं?"

"गोठ्यात, खुंटीला. किल्ली माज्या कमरेला. का गं?"

"काय न्हाय. बरं हाय का आता?"

"बरं हाय. हात तेवढं भरून आल्यात बघ. कडब्याची गंजी रचल्यागत." मग तिनंच विचारलं, "चंद्री व्याली का? दूद किती देती?"

"आदी उठू दे तिला. मंग इचार."

सून चार माणसं घेऊन आली. म्हणाली, "आत्या, एकटीनं फिरवलीसा? या वयात?" मी तेलाची वाटी तिच्या हातात दिली. तीन दिवस आम्ही ज्वारीच्या कण्या आणि गुळाचं पाणी पाजलं, पाय चोळले. अकराव्या दिवशी पोटाखाली पोती घालून उचलली, तर लटपटत का होईना, उभी राहिली. उठल्या उठल्या माझ्या पायावर खूर दिला. शिवी हासडली मी, पण बरं वाटलं.

पुढं गंगूबाई तिच्या गावी परतली, तेव्हा मी आणि सून तिकडं गेलो. तिनं आमच्यासमोर कुलूप काढलं. खुंटी रिकामी होती. मी दावं पुढं केलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तिकडंच लागलं तिला."

कुणी फिरवली, कशी फिरवली, मला अजून कळलेलं नाही. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "आजी, कधी कधी जनावर आपणहून वळतं." वळत असेल. पण पेंढ्या लावत नाही.

चंद्री जगली, तिचं रेडकू जगलं, गंगूबाईही जगली.