बोटींचं माहेर

आमच्या व्याह्यांइतक्या लेकी साऱ्या इंग्लंडात कुणाला नसतील. त्यातली हाडामांसाची एकच, ती माझी सून. बाकीच्या सगळ्या लोखंडाच्या. लांबलचक, आगगाडीच्या डब्यापेक्षाही अरुंद, अंगावर गुलाबाची फुलं रंगवलेल्या बोटी. मिल्टन कीन्सच्या बाहेर कालव्याला लागून एक मोठं तळं खोदलेलं आहे, त्यात त्या लाकडी धक्क्यांना ओळीने बांधलेल्या असतात. अशा जागेला इकडे मरीना म्हणतात, आणि ही मरीना आमच्या व्याह्यांची. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मुलाला हळूच म्हटलं, "म्हणजे बोटींचा गोठाच की." व्याह्यांचे कान तिखट. ते मागे वळून म्हणाले, "विहीणबाई, गोठा नव्हे. माहेर म्हणा. बोट उन्हाळाभर कालव्याकालव्याने हिंडते, इंजिन खिळखिळं करून घेते आणि थंडी पडली की इथे येऊन टेकते. तिला ऊब द्यायची, तिचं दुखलंखुपलं बघायचं आणि ऊन पडलं की परत पाठवायची. ह्याला तुमच्याकडे काय म्हणतात?" माहेरच म्हणतात.

ते मूळचे हाडांचे डॉक्टर. माणदेशातल्या कोरड्या गावात टँकरपुढे हंडे धरून वाढलेले, आणि नंतर इकडच्या हॉस्पिटलांत सारी उमर गोऱ्यांचे गुडघे बदलण्यात घालवलेले. ते रिटायर झाले त्याच सुमारास त्यांचं कुटुंब गेलं. बरोबरीचे डॉक्टर पुण्यात फ्लॅट बघत होते, तेव्हा ह्यांनी मरीना घेतली. सुनेने कपाळाला हात लावला. कशाला घेतली म्हणून विचारलं तर म्हणाले, "एवढं पाणी नुसतं उभं आहे, बाळ. त्याच्याकडे कुणी बघायला नको?" त्यांना पोहता येत नाही. चालत्या बोटीत ते कधी बसलेले नाहीत. मी एकदा धीर करून विचारलं, "डॉक्टरसाहेब, दारात एवढ्या बोटी आहेत, एखादी चक्कर मारावीशी नाही वाटत?" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "ऑपरेशन करणारा माणूस स्वतः टेबलावर झोपून बघतो का कधी?"

आमचे हे गेल्यावर मी मुलाकडे राहायला आले होते. मुलगा आणि सून दोघं दिवसभर कामावर. व्याह्यांना दुपारी गरम पोळी मिळावी म्हणून सून मला सकाळी मरीनावर सोडायची आणि संध्याकाळी घेऊन जायची. ऑफिसच्या मागे एक लहानशी खोली आणि तिच्यात शेगडी, एवढंच माझं राज्य. पण खिडकीतून सगळं तळं दिसायचं आणि व्याह्यांचा राऊंड बघायला मिळायचा. राऊंड हा त्यांचाच शब्द. हॉस्पिटल सुटलं तरी राऊंड सुटला नव्हता. गळ्याला मफलर, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आणि प्रत्येक बोटीपाशी वाकून बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक. कान लावायचे, मान हलवायची, पुढे जायचं. इंजिन सुरू होताना खोकलं की हातातला चहा खाली ठेवून धावायचे. एकदा एक बाई आपल्या बोटीला काळा रंग देत होत्या, त्यांना ह्यांनी अर्धा तास समजावलं, की रंगाआधी अंग नीट कोरडं करा, नाहीतर आत गंज धरेल. बाई मला नंतर म्हणाल्या, की माझ्या गुडघ्याच्या वेळी डॉक्टर माझ्याशी पाच मिनिटंसुद्धा बोलले नव्हते. गुडघा ह्यांनीच बदललेला होता.

वसंतात त्यांची खरी धांदल. एका वर्षी डिझेलच्या पंपाला टेकून एका हंसिणीने घरटं केलं. व्याह्यांनी पंप बंद केला आणि दोरी बांधली. बोटवाले दूरच्या पेट्रोल पंपावरून कॅन भरभरून आणत राहिले आणि हे प्रत्येकाला ओठांवर बोट ठेवून सांगत राहिले, की बाळंतीण आहे. हंसीण एवढी आगाऊ, की ज्याने दोरी बांधली त्याच्याच पोटरीला चावली. तरी पिल्लं पाण्यात उतरेपर्यंत पंप उघडला नाही.

आणि वसंतातच पाठवणी. एकेक बोट निघायची. बोटीची ओटी भरल्याशिवाय व्याही दोर सोडू द्यायचे नाहीत. पहिल्या वर्षी नारळ, तांदूळ आणि खण माझ्या हातात देऊन म्हणाले, "मी पुरुषमाणूस, मला चालत नाही. तुम्ही भरा." मी मागे सरले. म्हटलं, "मी कशी भरू? हे नाहीत." व्याह्यांनी बोटीकडे हात केला. "तिला विचारा तिला चालतंय का." मी बोटीकडे बघितलं. तिची काही हरकत दिसली नाही. तेव्हापासून ओट्या मीच भरत आले. नारळ पुढच्या टोकावर ठेवायचा, हळदकुंकवाचं बोट लावायचं, आणि बोटीचे मालक टोपी काढून उभे राहायचे. त्यांना आधी हे सगळं विम्यासाठी आहे असं वाटलं होतं.

मालक म्हणजे जावई. हे व्याह्यांनी मनाशी पक्कं ठरवलेलं. जावयाला मान द्यायचा आणि त्याच्यावर काडीचा विश्वास ठेवायचा नाही. समोर इतकं गोड बोलायचे आणि पाठ वळली की मला सांगायचे, "माणूस वाईट नाही, पण तिला उन्हात ठेवतो." त्यांतला सगळ्यात लाडका जावई म्हणजे एक उंच, वाकलेले, पांढऱ्या मिशांचे शाळामास्तर. हेही रिटायर झालेले, नॉर्थॅम्प्टनकडे बहिणीजवळ राहायचे. त्यांची हिरवी बोट आमच्या खिडकीसमोरच. व्याही म्हणायचे, "गुणी आहे. फक्त बॅटरीकडे बघत नाही." एकदा अधिक महिना आला. व्याही म्हणाले, जावयांना वाण द्यायचं. मी तीन दिवस अनारसे तळत होते. मास्तर आले, त्यांना पाटावर बसवून तेहतीस अनारशांचं ताट पुढे ठेवलं आणि आम्ही दोघं हात जोडून उभे राहिलो. मास्तर भल्या घरचे. ताटात वाढलं म्हणजे संपवायचं, हे त्यांना लहानपणी कुणीतरी शिकवलेलं. ते खात राहिले. घरी न्यायचे असतात हे त्यांना सांगायला पाहिजे असं माझ्या मनात येत होतं, पण इंग्रजीत वाक्य जुळेना, आणि व्याह्यांना वाटत होतं की जावयाला आवडलेत. अकराव्या अनारशाला मास्तरांनी मिशी पुसली आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, की हे सगळे आजच का?

हे झालं उन्हाळ्याचं. पानं पिवळी झाली की बोटी परत यायच्या. व्याही गेटपाशी उभे राहून एकेकीला नावाने हाक मारायचे. मग पाण्यावर पानांचा थर, मग धुकं, मग धक्क्यांवर गोठलेल्या दवाची पांढरी साय. त्या सायीवरच गेल्याच्या गेल्या वर्षी ते घसरले आणि मनगट मोडून घेतलं. हाडांच्या डॉक्टरचं हाड मोडलं म्हणून हॉस्पिटलात लोक बघायला आले. सुनेला मात्र हसू आलं नाही. ती इथेच जन्मलेली, मराठी तिचं वेडंवाकडं, पण बोलणं सरळ. शिंगाड्यासारखं टोक असलेलं. ती म्हणाली, "बाबा, तुझा तब्येत आता पहिल्यासारखा नाहीये. हे सगळं सेल कर आणि आमच्याकडे ये. तुझी खोली रेडी आहे." व्याही म्हणाले, "एक हिवाळा दे." ती म्हणाली, "दिली. पण एक बोट जरी बुडाली तर विकायचं. प्रॉमिस?" व्याह्यांनी माझ्यादेखत तिच्या हातावर हात ठेवला. ह्या माणसाने आयुष्यात शब्द फिरवलेला नाही, हे तिला ठाऊक होतं, म्हणून तर तिने मागितला.

मग त्या हिवाळ्यात व्याह्यांनी जी तयारी केली ती करावी तर त्यांनीच. धक्क्याधक्क्यांवर पाण्याचे नळ आहेत, त्यांतून बोटींना पाणी भरतात. ते गोठतील म्हणून त्यांनी माझ्याकडून जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून घेतल्या आणि प्रत्येक नळाला लपेटल्या. बर्फाच्या तळ्याकाठी इरकली काठाचे नळ बघायला लोक कुत्री घेऊन यायचे. सगळे जाणते बोटवाले त्यांना सांगत होते, की कडाक्याची थंडी आली की मुख्य नळ बंद करून पाइप रिकामे करा, ज्यांना लागेल त्यांनी ऑफिसातून पाणी न्यावं. व्याह्यांनी ऐकून घेतलं. माझ्याकडे येऊन म्हणाले, "माहेरी आलेल्या लेकीचं पाणी तोडायचं? माझ्या जन्मात होणार नाही." टँकरच्या गावचा माणूस. नळाला पाणी असताना ते आपल्या हाताने बंद करणं त्यांना जमणारच नव्हतं. मलाही त्यात काही चूक दिसली नाही, मीही तसल्याच गावची.

जानेवारीत तळं गोठलं आणि मग एक दिवस ऊन पडून सुटलं. दुसऱ्या सकाळी सुनेने मला सोडलं आणि गाडी वळवतच होती, तेवढ्यात मी थांबले. हिरव्या बोटीसमोरचा पाइप गोधडीखाली फुटला होता आणि पाण्याची धार बोटीच्या मागच्या अंगात सरळ पडत होती. आत साठलेलं पाणी उपसून टाकणारा पंप असतो, पण बॅटरी संपलेली. बोटीची मागची बाजू पाण्याखाली गेली होती आणि पुढचं टोक वर, हंसाने मान काढावी तसं. व्याही धक्क्यावर उभे होते. सून गाडीतून उतरून आली आणि बोटीकडे बघत राहिली. व्याहीच म्हणाले, "बुडाली नाही. बसली आहे. इथे पाणीच कमरेएवढं. तळाला टेकलीय."

सून म्हणाली, "ओके, बाबा." मग तिने ऑफिसला फोन करून सांगितलं की आज येत नाही.

त्या दिवशी त्या दोघांना मी पहिल्यांदा एका कामात बघितलं. तिने त्यांचे जुने बूट चढवले आणि बोटीत उतरली. ताडपत्रीने फटी बुजवल्या, शेजारच्या बोटवाल्यांनी मोठाले पंप आणले. व्याही धक्क्यावरून सांगत होते, "डावीकडची हवेची जाळी आधी बांध," आणि ती म्हणत होती, "दिसतंय मला, तू खाली बस," आणि ते बसत नव्हते. "हात बघ निळे पडलेत." "माझी हात ठीक आहेत." मी चहा नेऊन देत होते, तो कुणी पीत नव्हतं. दुपारनंतर बोट हलली. मागचं अंग हळूहळू वर आलं, चिखलपाणी ओघळत. मास्तर बहिणीकडून तोवर पोहोचले होते. ते बोटीकडे बघून म्हणाले, की बॅटरी मी बदलायला हवी होती. व्याही म्हणाले, नाही, नळ मी बंद करायला हवा होता. दोघंही एकमेकांचं ऐकेनात.

संध्याकाळी माझ्या शेगडीपाशी सून हात शेकत बसली होती. केसांत चिखल. व्याही दारात उभे. ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, मी बघितला ना. ती टेकली होती फक्त. बुडाली नव्हती."

मला वाटलं, सुटलो. पुढच्या वर्षीचे नारळसुद्धा माझ्या मनात येऊन गेले.

व्याही आत आले, तिच्याजवळ स्टुलावर बसले. "नाही, बाळ," ते म्हणाले. "बुडाली होती."

मग मरीना विकायची म्हणून लोक बघायला यायला लागले. एकाला तळ्याकाठी सुट्टीतल्या झोपड्या बांधायच्या होत्या, एकजण इथे कुणी राहायलाच नको, फोनवर सगळं दिसेल असं म्हणत होता. व्याही सगळ्यांना चहा पाजून परत पाठवायचे. शेवटी लेस्टरकडचं एक जोडपं आलं. नवरा इंजिनं बघत होता आणि ती बाई एका नळाशी बसून गोधडी सोडून आत बघत होती. तिने विचारलं, की थंडीत तुम्ही हे बंद करता की नाही? व्याह्यांनी तिला हिरव्या बोटीची सगळी हकिकत सांगितली, स्वतःची बाजू न घेता. ती हसली नाही. तिने नळाची चावी फिरवून बघितली. ती गेल्यावर व्याही म्हणाले, "ह्यांना द्यायची."

मार्चमध्ये त्यांनी किल्ल्या दिल्या. गाडीत सून पुढे, ते तिच्या शेजारी, मी मागे त्यांच्या एकाच पेटीजवळ. गोलगोल चौक एकामागून एक गेले. घरी आल्यावर त्यांनी खोली बघितली, छान आहे म्हणाले, खिडकीतून समोरच्या गाड्या बघितल्या. मी भात टाकला. थोड्या वेळाने ते स्वयंपाकघरात आले आणि सुनेला म्हणाले, "तुझ्या घराचा मुख्य नळ कुठे आहे गं?"

तिला माहीत नव्हतं. मुलालाही माहीत नव्हतं. शोधला तेव्हा तो सिंकखाली, साबणाच्या बाटल्यांच्या मागे निघाला. व्याह्यांनी बाटल्या एकेक करून बाहेर काढल्या आणि फरशीवर आडवे होऊन डोकं कपाटात घातलं. आतून म्हणाले, "घट्ट बसलाय. कधी फिरवलेलाच नाही कुणी." सून त्यांच्याजवळ खाली बसली आणि फोनचा उजेड धरला. ते हळूहळू नळ फिरवत राहिले, आणि तिने हात दुखला तरी उजेड हलू दिला नाही.