जोडीच्या मापाचा छकडा

सावळीराम पुंजा शिरसाठ. जन्म १९३६, ओझर, जिल्हा नाशिक. मृत्यू २००७, त्याच गावी. शिक्षण मराठी चौथी. व्यवसाय सुतारकी आणि तीतही एकच काम: शर्यतीचे छकडे.

शर्यतीचा छकडा म्हणजे दोन बैलांची, दोन चाकांची, एक माणूस जेमतेम उभा राहील एवढी हलकी गाडी. ती ओझे वाहण्यासाठी नसते, केवळ धावण्यासाठी असते. असे छकडे करणारे जिल्ह्यात इतरही होते. परंतु सावळीरामांची रीत निराळी होती. गिऱ्हाइकाने आपल्या बांधावरची बाभूळ तोडून आणायची आणि आपली बैलजोडीही मापाला आणायची. सावळीराम जोडीला अंगणात चालवून पाहत, दोन्ही बैलांच्या खांद्यांची उंची दोरीने घेत आणि त्या मापाने जू कोरीत. कोणतेही दोन बैल अगदी सारख्या उंचीचे नसतात. ठेंगण्याला त्रास होऊ नये म्हणून त्याच्या बाजूचे जू वेगळे कोरावे लागे. असा छकडा त्या एका जोडीचाच. जोडी बदलली, तर छकडा ओझरला परत यायचा आणि नवे जू घेऊन जायचा.

सावळीराम बैल पाहत. ते कुणाचे, हा प्रश्न त्यांनी कधीही कुणाला विचारला नाही. दुसऱ्याचे बैल आपले म्हणून कोणी मापाला आणील, ही शंकाच त्यांच्या मनाला शिवली नव्हती.

१९९६ साली त्यांच्याकडे तीन वर्षांची पाळी लागत होती. त्या वर्षी त्यांचा मुलगा ज्ञानेश याने विषय काढला. ज्ञानेश जवळच्या विमानांच्या कारखान्यात फिटर होता. सावळीरामांचे बालमित्र केरू त्या वेळी नेहमीप्रमाणे चहाला आलेले होते.

"तात्या, लोक तीन-तीन वर्षं थांबतात, म्हणजे आपला भाव कमी आहे," ज्ञानेश म्हणाला. "चाकांना बेअरिंग बसवू, सांगाडा लोखंडी पाइपाचा करू. एका वेळी तीन छकडे उभे राहतील. जू तुम्हीच कोरा. पण किंमत दुप्पट करा. नाहीतर वरचा पैसा दुसराच कोणीतरी खाईल."

"ज्ञाना," केरू म्हणाले, "तुमच्या कारखान्यात इमानं बनत्यात, ती साहेबांनी उडवायची. हे छकडं हाय. दुप्पट भाव केला तर आमच्यासारख्यानं बैल काय नुसते पोळ्याला रंगवायचे?"

"केरूकाका, तुमचे तर दोन छकडे झाले की."

"जोडी बदलली अन् जुना मोडलाबी माझा! तुला काय कळायचं त्यातलं? तुझी फटफटी पेट्रोल पिती."

सावळीरामांनाही हसू आले. मग केरू गंभीर झाले. "सावळ्या, तू भाव वाढवला का शर्यत बंगलेवाल्यांची झाली बघ. शेतकऱ्यानं कडंला उभं राहून टाळ्या वाजवायच्या."

हे शेवटचे वाक्य सावळीरामांच्या मनात रुतले. "कारखान्यातलं कारखान्यात ठेव," ते मुलाला म्हणाले. ज्ञानेशही हट्टाला पेटला. बोलणे वाढत गेले आणि त्याच महिन्यात तो पत्नी प्रतिभासह कारखान्याच्या वसाहतीत राहायला गेला. अंतर तासाभराच्या चालीचेही नव्हते. तरी सात वर्षे सावळीरामांनी त्याचा उंबरा ओलांडला नाही. सणावाराला सावळीरामांच्या पत्नी कुसाबाई एकट्याच जाऊन येत. छकड्याचा भाव वाढला नाही. केरूंनी त्या काळात आणखी दोन छकडे नेले आणि पाचव्यासाठी बाभळीचा ओंडका आणून टाकला.

२००३ च्या चैत्रात विंचूरच्या बाजूला एका गावच्या यात्रेत सावळीराम शर्यत पाहायला गेले. तेथे केरूंसाठी केलेला आपला छकडा त्यांना दिसला. जुंपलेली जोडी अनोळखी होती. जू डावा बैल ठेंगणा धरून कोरलेले होते. या जोडीत ठेंगणा उजवा होता. त्याच्या खांद्यावरचे कातडे सोलवटून लाल झाले होते.

"छकडा कुठून घेतला?" त्यांनी हाकणाऱ्या तरुणाला विचारले.

"केरूअण्णाकडनं. ओझरच्या म्हाताऱ्याच्या हातचा हाय. म्हाताऱ्याकडं पाळी लवकर येत नाय. अण्णाकडं दुप्पट मोजले का लगेच मिळतो." तरुणाने त्यांच्या मळक्या धोतराकडे पाहिले. "तुम्हाला पायजे का, बाबा? अजून एक हाय त्यांच्याकडं. पण तुम्हाला झेपायचा नाय."

"आधी त्या बैलाच्या खांद्याला हळद-तेल लाव," सावळीराम म्हणाले, आणि शर्यत सुरू होण्यापूर्वीच निघाले.

तेथून ते थेट केरूंच्या मळ्यात गेले.

"केरू, मापाला आणलेल्या जोड्या कुणाच्या होत्या?"

"कंच्या?"

"चारी."

केरूंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पहिली माझी. दुसरी मेव्हण्याची. बाकीच्या... आणल्या हुत्या कुणाकुणाकडनं मागून. अरे, चोरी केली का मी? तू कमी भावात देतो, लोक जास्त देत्यात. तुझं काय गेलं त्यात?"

"माझा ज्ञाना गेला," सावळीराम म्हणाले.

केरूंनी घरात चहा सांगितला. तो येण्याआधी सावळीराम उठले होते.

पुढे काही महिने ते पाळीतल्या प्रत्येकाच्या गोठ्यात जाऊन जोडी त्याच्याच दावणीची आहे ना, हे पाहून येऊ लागले. लोकांना ते लागले. शेतावर एकटीने राबणाऱ्या तानुबाई पदर खोचून समोर उभ्या राहिल्या. "सावळीरामभाऊ, माझ्या बापाला छकडा दिला तवा न्हाई इचारलं. आज माझ्या दावणीला चोर धुंडायला आला का?" सावळीराम गोठ्यात न शिरताच मागे वळले आणि त्या दिवशी घरी न जाता वसाहतीत मुलाच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"भाव तू ठरव," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "कमी ठेवायचा तर कुणासाठी, ते मला आता कळत नाही."

ज्ञानेशने जुना विषय उकरला नाही. "आणि जू, तात्या?"

"जू मी कोरीन. बैल कुणाचे, ते तू विचार. माझ्याच्यानं होत नाही."

त्यानंतरची व्यवस्था अशी झाली. आधीपासून पाळीत असलेल्यांना छकडे जुन्याच भावाने मिळाले. तानुबाईंचा सर्वांत आधी. नव्यांसाठी किंमत दुप्पट झाली, चाकांना बेअरिंग आले, सांगाडा लोखंडी झाला. जू मात्र आजही जोडीच्या मापानेच कोरले जाते. अंगणात बैल आले की प्रथम मालकी विचारली जाते आणि विचारताना ज्ञानेश मान वर करीत नाही.

केरूंच्या पाचव्या छकड्याचा ओंडका सावळीरामांनी कापलाही नाही आणि परतही पाठविला नाही. सावळीरामांच्या दहाव्याला केरू आले आणि फाटकापाशीच थांबले.

"केरूकाका, तुमचं लाकूड तेवढं घेऊन जा," ज्ञानेश म्हणाला.

"राहू दे," केरू म्हणाले.

तो ओंडका अजून तेथेच आहे.