बेचक्याची काठी

आमच्या कानाझावाच्या गल्लीत कुझुमीइतका खडूस माणूस दुसरा नाही. मी त्याच्या समोरच टोफू विकते, चाळीस वर्षं बोलणी खाल्लीत, म्हणून सांगते. फुलापक्ष्यांच्या चित्रांना रेशमी किनार लावून भिंतीवर टांगायच्या गुंडाळ्या करायचं त्याचं काम. गिऱ्हाइकालाही आधी दम. "फूल बागेत उमलायच्या आधी चित्र लागलं पाहिजे, कोमेजायच्या आत उतरलं पाहिजे. जमत नसेल तर कॅलेंडर लावा."

आणि ह्याच्याच कोनाड्यात नोव्हेंबर लागला तरी मे महिन्यात फुलणारी आयरिस आणि खंड्या यांचंच चित्र. मे महिन्यात त्याने आणि इसेने, म्हणजे बायकोने, लावलेलं. जूनमध्ये ती गेली. दोन जुनी गिऱ्हाइकं ते चित्र बघून दारातूनच परत फिरली. म्हातारा कामातून गेला, असं गल्लीत बोलू लागले.

शेवटी मीच म्हणाले, "अहो कुझुमीसान, बर्फ पडायला आला. रंग उडतोय चित्राचा. उतरवा की."

"तुमचा टोफू हल्ली आंबट लागतो," म्हणाला आणि दार लावून घेतलं.

माझा टोफू आंबट? तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ताजा टोफू घेऊन जाब विचारायला गेले. दार अर्धवट उघडं होतं. तो चित्र खालून वर गुंडाळत होता. अर्ध्यावर आल्यावर थांबला, एका हाताने गुंडाळी धरली आणि दुसरा हात, न बघताच, मागे केला.

मला वाटलं, कंबर धरली. मग लख्ख आठवलं. खिळ्यावरून दोरी काढायची बेचक्याची काठी इसे नेमकी तेव्हा त्याच्या हातात द्यायची. काठी तिथेच कोपऱ्यात होती, त्यालाही सहज पोचली असती. हात मात्र तसाच रिकामा राहिला. मग त्याने चित्र हळूहळू पुन्हा खाली सोडलं. असं किती दिवस चाललं होतं, देव जाणे. मी टोफू घेऊन गुपचूप परत आले. घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी गेले. हात मागे आला, मी काठी दिली. चित्र उतरलं. दोरी बांधून झाल्यावर पाठमोराच म्हणाला, "हात ओले आहेत तुमचे. चित्राजवळ ओले हात आणत नाहीत."

त्याच दिवशी कोनाड्यात बर्फातल्या बांबूचं आणि चिमण्यांचं चित्र लागलं.

याला चार वर्षं झाली. ऋतू बदलायला आला की तो सकाळी दार अर्धवट उघडं ठेवतो. मी कोपरापर्यंत हात पुसून जाते. हात मागे येतो, मी काठी देते. तो वळून बघत नाही आणि मीही तोंडातून शब्द काढत नाही. काठी कोण देतं ते त्याला ठाऊक आहे, पण मी बोलले, तर तेवढ्या क्षणापुरतीही ती इसेने दिल्यासारखी वाटणार नाही.