आईचं मशीन थांबेना

ठकीला घरी ठकी, म्हणजे चिंध्यांची बाहुली, म्हणत, कारण आईच्या शिलाई मशीनखाली, चिंध्यांच्या ढिगात बसूनच ती लहानाची मोठी झाली. तीच ठकी आता परदेशात पाणी शुद्ध कसं करायचं याचं मोठं शिक्षण घेत होती. आणि राहत कुठं होती? तळघरातल्या खोलीत, जिथं छताच्या पाइपातून तिच्या गादीवर पाणी टपकायचं! घरमालकाला सांगून सांगून तोंड दुखलं. तो गोड हसायचा, माणूस पाठवतो म्हणायचा. तो माणूस कुठल्या मुलखातून चालत येत होता कोण जाणे.

घरी सांगावं? छे! घरी व्हिडिओ कॉल करायचा, तर ठकी खोलीतल्या मैत्रिणीच्या पलंगावर जाऊन बसायची. तिकडं खिडकी होती, झाडाची कुंडी होती, पांढरीशुभ्र चादर होती. मैत्रिणीनं शिजवलेल्या भाजीच्या पातेल्याचं झाकण उघडून दाखवायची, "बघ आई, आज काय केलंय!" मैत्रीण मागं तोंड दाबून हसायची. या घराची रीतच तशी, लांबच्या माणसाच्या जिवाला घोर लावायचा नाही. वडील आयुष्यभर ट्रक चालवत फिरले. रस्त्यात काही झालं तर ते घरी परतल्यावर, तेही जखम भरल्यावर कळायचं.

तर असं सगळं बेमालूम चाललेलं असताना आई फोनवरून गायब झाली. आधी म्हणे अंघोळीला गेलीय. मग शेजारी गेलीय. मग झोपलीय. भर संध्याकाळी? दुपारी पाठ टेकायलासुद्धा जिला वेळ नसतो, ती?

"बाबा, आई बरी आहे ना?"

"तिला काय धाड भरलीय? तू परीक्षेचं बघ." वडील फोन असा धरायचे, की पडद्यावर त्यांचं अर्धं कपाळ आणि वरचा पंखा तेवढा दिसायचा.

प्रयोगशाळेत ठकी एकच काचनळी दोनदा भरायची. बसमध्ये खिशातला फोन वाजल्यासारखं वाटायचं, बघावं तर काही नाही. मनात नको नको ते यायचं, आणि आलं म्हणून ती स्वतःवरच चिडायची. पुस्तक उघडं असायचं, पान तेच.

शेवटी एका सकाळी तिनं फोन लावला आणि सांगून टाकलं, "आज आईशी बोलल्याशिवाय मी ठेवणार नाही."

"अगं, कामात आहे ती," वडील घाईघाईनं म्हणाले. "शाळेच्या गणवेशांची गर्दी आहे. ऐक, येतोय ना आवाज?"

खरंच की! मागून मशीन घर्र घर्र चाललेलं. हुश्श! ठकीचा जीव भांड्यात पडला. "आई, मी आहे गं!" ती जोरात म्हणाली.

मशीन चालूच राहिलं.

"आई!" तिनं पुन्हा हाक मारली. घर्र, घर्र. ठकीच्या पायाखालची जमीन सरकली. ठकीचा आवाज आला आणि आईचं मशीन थांबलं नाही, असं कधी झालंच नव्हतं. शाळेतून येऊन दारातून हाक मारली, की आईचा हात चाकावर पडायचा आणि "खाल्लंस का?" हा प्रश्न यायचा. मग समोर गिऱ्हाईक का खोळंबेना.

"बाबा, मशीनवर कोण बसलंय?"

"कोण म्हणजे?"

घरात आईखेरीज मशीन चालवता यायचं ते फक्त आत्याला. "आत्या, पाय काढ मशीनवरून!" ठकी ओरडली.

मशीन गप्पकन थांबलं. "अगंबाई!" मागून आत्याचा आवाज आला. "तरी मी सांगत होते दादा, असली सोंगं मला जमायची नाहीत!"

वडिलांचं कपाळही गेलं, पडद्यावर नुसता पंखा उरला.

"बाबा, आई... आहे ना?"

"आहे गं, आहे. परीक्षा झाली, की..."

ठकी रागानं नुसती भणभणली. पण रागावणार कोणत्या तोंडानं? बसली कुठं होती ती? दुसरीच्या पलंगावर, दुसरीच्या चादरीवर! तिची तिलाच लाज वाटली. ती उठली.

"थांबा. आधी मी दाखवते." तिनं कॅमेरा फिरवला. पाइपाला गुंडाळलेलं फडकं, खाली बादली, बुरशीनं काळी पडलेली भिंत, आणि पिवळे डाग पडलेली ओली गादी. "खोलीतली ही माझी बाजू. ती चादर माझी नाही, ती कुंडी माझी नाही, स्वयंपाकही माझा नसतो. झालं? आता तुम्ही दाखवा."

वडील उठले. पडद्यावर पंखा हलला, भिंत सरकली, दार गेलं आणि खाटेवर बसलेली आई दिसली. तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवा हात मांडीवर कुणीतरी ठेवून दिल्यासारखा. लेकीला बघताच तिनं डाव्या हातानं पदर तोंडावर ओढला.

"अर्धांगाचा झटका आला," वडील म्हणाले. "जिवाचा धोका टळलाय. पण तेव्हापासून एक अक्षर बोललेली नाही. तुला कसं दाखवायचं गं असं?" आणि तो एवढा ट्रकवाला गडी हमसून हमसून रडायला लागला.

ठकीही रडत होती, "आई, आई" करत होती. पण आईचं लक्ष तिच्या रडण्याकडं नव्हतंच. पदर खाली घसरला होता. डाव्या हाताचं बोट पडद्याकडं रोखलं होतं. ओठ हलले, पुन्हा हलले.

"गा..." आई म्हणाली. "गा... दी."

"काय? काय म्हणतेस?" वडील खाली वाकले.

"गादी!" वाकड्या तोंडानं, पण रागानं, अगदी तिच्या नेहमीच्या रागानं आई म्हणाली. "उचल!"

"बोलली! दादा, वहिनी बोलली!" आत्या मागून धावत आली.

ठकीचे डोळे पुसायचेही राहिले. फोन मैत्रिणीच्या हातात कोंबून तिनं ती ओली गादी ओढून पाइपाखालून बाजूला काढली, आणि आईला दिसेल अशी दोन्ही हातांनी उभी धरून ठेवली.