रत्नपारखींच्या शकूचं हृदय

सोळा सालच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत बातमी फिरली, की श्रीनिवास रत्नपारखींना हार्ट अटॅक आला. मी शहाळं घेऊन धावले. गृहस्थ ठणठणीत! पेशंट होती सोफ्यावर पसरलेली शकू, त्यांची मांजर. बायकोला जन्मभर 'अगं' म्हणून भागवलं, ती कंटाळून पुण्याला लेकाकडं गेली. मांजरीला मात्र नाव.

शहाळं मी परत आणलं.

हा माणूस पाटबंधारे खात्यातला निवृत्त कारकून. धरणं आटली. चिकलठाण्याकडं नव्या इमारतींच्या जाहिरातींत पोहायचे तलाव दिसायला लागले आणि आमच्या गल्लीत टँकर. टँकरपाशी वही घेऊन राज्य यांचंच. हजर नाही त्याला पाणी नाही. आमच्या गल्लीतल्या पुंजारामच्या बाळंतीण सुनेला 'नियम म्हणजे नियम' असं ऐकवलं, कळशीभर जास्त द्यायची दानत झाली नाही. असला कोरडा माणूस, आणि घड्याळ लावून मांजरीचे श्वास मोजायचा!

डॉक्टरनं सांगितलं होतं, हृदयाला आतून सूज आली होती. ती उतरली, पण व्रण राहिले. हृदय ताठरलं, सैल होत नाही, नीट भरत नाही, म्हणून छातीत पाणी साचतं. सगळं शहर तहानलेलं आणि पाणी साचलं कुठं, तर रत्नपारखींच्या मांजरीत! ते लघवीवाटे काढायला गोळ्या, आणि गोळ्यांनी शकूला तहान लई. वाटी कोरडी पडू द्यायची नाही, आणि झोपेत मिनिटाला तीसच्या वर श्वास गेले की दवाखान्यात उचलून आणायचं.

एका मंगळवारी सकाळी बेचाळीस झाले. रत्नपारखी काका तिला टोपलीत घालून रिक्षानं पळाले, आणि इकडं टँकर आला. सगळ्यांनी भरून घेतलं. काकांच्या ड्रमकडं कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. सगळ्यात मोठ्यानं मीच हसले.

दुपारी डॉक्टरनं सुईनं छातीतलं पाणी काढून शकूला घरी धाडलं. लगेच काका रिकामी बादली घेऊन माझ्या दारात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"काय हो काका, आज हजेरी नाय तुमची. नियम विसरलात व्हय?"

"विसरलो नाही."

"पुंजारामच्या सुनेला काय ऐकवलं होतं, ते तरी आठवतंय का?"

काकांचे कान लाल झाले, पण बादली काही मागं घेतली नाही. म्हणाले,

"टोमणे तुम्ही रोजच देता, आशाबाई. आज पाणी द्या. पिणार शकू आहे, मी नाही."